धुवून धुवून सोलवटलेली कातडी: चाकणच्या एका पेशंटची पूर्ण केस

पावसाळा लागला की जांघेतली खाज घेऊन येणारे पुरुष पेशंट आमच्या ओपीडीत रोजचेच, त्यावर वेगळं लिहावं असं सहसा काही नसतं. ही केस मात्र सविस्तर लिहितेय, कारण यात खाज दोन नंबरला होती, खरा त्रास कोरडेपणाचा होता. अंडकोषाची कातडी सुकून ताणलेली, पापुद्रे निघालेले, घड्यांमध्ये बारीक चिरा, आणि चालताना पॅन्टचं कापड घासलं की नुसती आग. आणि हा माणूस अस्वच्छ राहणारा अजिबात नव्हता, उलट दिवसातून तीन-तीनदा साबण लावून धूत होता आणि त्यानंच सगळं वाढलं होतं. पेशंटची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय ३४, मूळचा लातूरकडचा, चाकण एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर. शिफ्ट ड्युटी, बारा तास उभं राहून काम, अंगावर कंपनीचा जाड टेरिकॉटचा युनिफॉर्म, वर येण्याजाण्याला बाईक. भाड्याच्या रूमवर चौघं जण, बायको आणि चार वर्षांचा मुलगा गावी. केसपेपर काढताना त्यानं ‘हाताला रॅश’ असं सांगितलं होतं. हाताला काहीच नव्हतं. माझ्यासमोर बसल्यावर दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलला आणि मग आमच्या अटेंडंट मामांना हळूच विचारलं, जेंट्स डॉक्टर कधी असतात. लेडी डॉक्टर समोर असली की हे होतंच, आणि मला त्यात राग येण्यासारखं काही वाटत नाही, लाज ही खरी गोष्ट आहे. मी सरळ सांगितलं की मामा आत थांबतील, पडदा आहे, दोन मिनिटांचं काम आहे, पण बघितल्याशिवाय मी औषध लिहिणार नाही. तुम्हाला पुरुष डॉक्टरच हवे असतील तर तसं नाव देते, काही हरकत नाही, पण त्यांनाही दाखवावं लागेलच. न बघता दिलेल्या औषधांनी या जागेची जेवढी वाट लागते तेवढी मूळ आजारानं लागत नाही, हे माझं इतक्या वर्षांचं ठाम मत आहे. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “ठीक आहे मॅडम, बघा.”

हिस्ट्री अशी. मागच्या पावसाळ्यात उजव्या जांघेत गोल चट्टा उठला, कडेला लालसर, खाजणारा, म्हणजे साधा नायटा, आपल्याकडे कुणी गजकर्ण म्हणतं. रूमवरच्या आणखी दोघांना तेच होतं. चौघांचे कपडे एकाच बादलीत भिजायचे, पावसात दोरीवर खोलीतच वाळायचे, आणि सकाळच्या शिफ्टला निघताना अंडरवेअर ओलसर असली तरी तीच चढवायची कारण दुसरी त्याहून ओली. त्यानं मेडिकलमधून ट्यूब आणली. दोन-तीन दिवसांत खाज गायब, चट्टा फिका, म्हणून लावायची बंद. आठवडाभरात परत, यावेळी जरा मोठा. परत तीच ट्यूब. असं करत करत दिवाळी गेली, चट्टा ढुंगणापर्यंत पोचला, मग मेडिकलवाल्यानं ‘जास्त पॉवरची’ म्हणून दुसरी ट्यूब दिली. मधेच कुणीतरी सांगितलं की हे घामाचं इन्फेक्शन आहे, जागा एकदम स्वच्छ ठेव. इथून पुढे गाडी भलत्याच रुळावर गेली. अँटिसेप्टिक साबण, सकाळी, कामावरून आल्यावर आणि झोपताना. बादलीत अँटिसेप्टिक लिक्विडचं एक झाकण, नंतर दोन. कंपनीत बाथरूमला गेलं की सुगंधी वाइप्स. अंडकोषाला तोवर काहीही झालेलं नव्हतं, पण ‘तिथेही पसरायला नको’ म्हणून ट्यूब तिथेही रोज लावत गेला. दोन महिन्यांत तिथली कातडी कोरडी पडायला लागली, कोंडा पडल्यासारखे पापुद्रे, मग ताण, मग चरचर. त्याला वाटलं इन्फेक्शन वाढलं, म्हणून धुणं आणखी वाढवलं. ट्यूब लावली की थोडं बरं वाटायचं, एक दिवस राहिली की भडका उडायचा, म्हणजे ट्यूब सोडवेना.

मनात भीती वेगळीच होती. स्टँडजवळच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ अशा पाट्या आपण सगळेच बघतो, त्या वाचून त्याला खात्री पटली होती की हा गुप्तरोगच. बायकोशिवाय दुसरीकडे कुठे संबंध नव्हता, तरी कुठल्या टॉयलेटमधून वगैरे लागला असेल असं डोक्यात बसलेलं. सुट्टीत गावी गेला तरी बायकोपासून लांब झोपायचा, कारण सांगायचा नाही, आणि घरात त्यावरून धुसफूस सुरू झाली होती. हे त्यानं पहिल्या भेटीत सांगितलं नाही, नंतर बोलता बोलता निघालं.

तपासणीत दोन वेगळी चित्रं दिसली, आणि ती वेगवेगळी करून बघणं हाच या केसचा गाभा. जांघेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला तपकिरी काळसर पट्टा, कडा पुसट पण बोट फिरवलं की किंचित खरखरीत, त्याच्या आत आणखी एक अर्धवट गोल. नायट्यावर स्टिरॉइड चोपडत राहिलं की तो असा रूप बदलतो, नेहमीची ठळक लाल कडा दिसत नाही, वरवर बघणाऱ्याला तो एक्झिमासारखा वाटतो. मांडीवर पांढरट लालसर स्ट्रेच मार्क्स, चांगले बोटभर लांब. अंडकोष मात्र वेगळा: समोरची बाजू लाल, चकचकीत, कातडी इतकी पातळ की खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या, वर सुके पापुद्रे, आणि खाली मांडीला टेकतो तिथे बारीक भेगा. कुठेही गोल चट्टा नाही. लिंगाच्या पुढच्या भागावर कोरडेपणा आणि किंचित लाली, कातडी मागे घेताना ओढल्यासारखं दुखायचं पण मागे जात होती, पांढरे डाग नव्हते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. साधा नायटा जांघेत कितीही पसरला तरी अंडकोषाला बहुतेक वेळा सोडून देतो. म्हणून कुणी ‘जांघेत आहे आणि अंडकोषही लाल झालाय’ म्हणाला की मी थांबते आणि विचार करते की हे दुसरं काय, कॅन्डिडा ही वेगळी बुरशी आहे का, एक्झिमा आहे का, की लावलेल्या गोष्टींचा परिणाम.

बाकी शक्यता एकेक करून बघितल्या. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबी स्वच्छ, रात्री सगळ्या अंगाला खाज नाही, अंडकोषावर गाठीसारखे फोड नाहीत, म्हणजे खरूज नाही. कोपर, गुडघे, टाळू, नखं बघितली, सोरायसिस त्या जागेवर खवल्यांशिवाय नुसता लाल चकचकीत दिसू शकतो म्हणून बाकी अंग बघावंच लागतं. ओठांचे कोपरे फाटलेत का, जीभ कशी आहे तेही पाहिलं, कारण बी टू म्हणजे रायबोफ्लेविन कमी पडलं तर तोंडाचे कोपरे फाटतात आणि सोबत अंडकोषाची कातडी कोरडी होऊन सोलते. मेसचं जेवण, शिफ्ट, त्यामुळे हे मनात होतं, पण तोंड ठीक होतं. दुखण्यावरच्या गोळीनं किंवा अँटिबायोटिकनं दर वेळी त्याच जागी उठणारा काळा चट्टा असतो, फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात, त्याची लिंगावर येण्याची खोड असते, तसंही काही नव्हतं. जखम नाही, स्राव नाही, जांघेत गाठी नाहीत.

जांघेतल्या कडेवरून ब्लेडनं हलकेच खरवडून केओएच टेस्ट केली, मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे स्वच्छ दिसले. अंडकोषाच्या पापुद्र्यांत मात्र काहीच नाही. शुगर केली, कारण लिंगाच्या टोकाला कातडीला चिरा पडणं ही कित्येकदा मधुमेहाची पहिली खूण असते, माणसाला तोवर पत्ताही नसतो. याची नॉर्मल आली. (ज्यांना मधुमेह आहे आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन अशी गोळी चालू आहे त्यांनी हे ऐकून ठेवा, या गोळ्या लघवीतून साखर बाहेर काढतात त्यामुळे तिथे बुरशी लागण्याचं प्रमाण वाढतं, गोळी आपल्या मनानं बंद करू नका पण डॉक्टरांना सांगा.) एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची टेस्ट) माझ्या दृष्टीनं गरजेच्या नव्हत्या, पण त्याच्या मनातली भीती नुसत्या बोलण्यानं जाणार नव्हती, म्हणून सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत पाठवलं, तिथे एचआयव्ही टेस्ट फुकट आणि गुप्त ठेवून होते. दोन्ही निगेटिव्ह. तो रिपोर्ट हातात घेतल्यावर पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला, म्हणून माझ्या मते ती टेस्ट वाया गेली नाही.

मी त्याला सांगितलं होतं, रूमवर जा आणि त्या जागेला आजपर्यंत जे जे लावलंय ते सगळं पिशवीत भरून उद्या घेऊन या, रिकाम्या ट्यूबसुद्धा, साबणाचा तुकडासुद्धा. दुसऱ्या दिवशी नाइट शिफ्ट संपवून तसाच आला. टेबलावर एकेक काढत गेला. अँटिसेप्टिक साबणाची झिजलेली वडी. लिक्विडची बाटली, तळाला आलेली. ठंडा ठंडा वाटणारी मेन्थॉलची पावडर. वाइप्सचं पाकीट. केस काढायचं क्रीम, ‘एकदाच वापरलं मॅडम, खूप आग झाली,’ आणि त्याच्याच खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं की गुप्तांगावर वापरू नये. आईनं गावाहून पाठवलेलं करंजाचं तेल. आणि ट्यूब. एक अर्धी, दोन संपलेल्या, त्यातली एक मागून गुंडाळत गुंडाळत आणलेली आणि शेवटी ब्लेडनं उभी कापून आतलं सगळं पुसून काढलेलं. ती कापलेली ट्यूब बघून मला फार वाईट वाटलं, कारण इतक्या नेमानं औषध लावणारा पेशंट मिळणं अवघड असतं आणि याचा सगळा नेमकेपणा चुकीच्या औषधावर खर्च झाला होता. मी मोबाईलनं फोटो काढून झूम करून त्यालाच वाचायला लावलं. पहिल्या प्रकारात बेक्लोमेथासोन, क्लोट्रिमाझोल, जेंटामायसिन, म्हणजे स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र. दुसऱ्या ‘जास्त पॉवरच्या’त क्लोबेटासॉल, ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. क्लोबेटासॉल हे लावायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात कडक, जाड तळव्याच्या एक्झिमाला वगैरे आम्ही ते देतो, आणि ते इथे जांघेत आणि अंडकोषावर महिनोन्महिने लागलेलं.

आता अंडकोषाची कातडी वेगळी का, ते सांगते, कारण सगळं गणित तिथे आहे. शरीरावरच्या अगदी पातळ कातड्यांपैकी ती एक. औषध शोषण्याची तिची ताकद अफाट. फेल्डमन आणि मायबाक या दोघांनी १९६७ मध्ये स्टिरॉइड लावून मोजमाप केलं होतं, हाताच्या आतल्या बाजूच्या तुलनेत अंडकोषातून सुमारे ४२ पट औषध आत गेलं. म्हणजे हाताला थोडंफार चालून जाईल ती ट्यूब तिथे चालेलच असं नाही. स्टिरॉइड लाली आणि खाज दाबतं म्हणून बरं वाटतं, पण बुरशी जिवंतच राहते आणि उलट आरामात वाढते, आणि वरून कातडी पातळ होत जाते, ओलावा धरून ठेवायची तिची ताकद जाते. मग स्टिरॉइड थांबवलं की रक्तवाहिन्या फुलतात, लाली, आग, चरचर, माणूस पुन्हा ट्यूब हातात घेतो.

त्यात साबण. आपल्या कातडीचा वरचा थर किंचित आम्ल असतो, पीएच साधारण ५ च्या आसपास, आणि नेहमीच्या वडीच्या साबणाचा ९-१०. एकदा धुतलं तर कातडी काही तासांत सावरते, पण तीन-तीनदा धुतलं, वर लिक्विड, वर वाइप्स, तर सावरायला वेळच मिळत नाही, कातडीतलं नैसर्गिक तेल धुऊन जातं आणि जे उरतं त्याला कापडाचा स्पर्शही सोसत नाही. लिंगाच्या पुढच्या भागाचंही तेच. १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये वारंवार बॅलनायटिस, म्हणजे लिंगाच्या टोकाला सूज-लाली, होणाऱ्या पुरुषांचा एक अभ्यास झाला होता, त्यातल्या ७२ टक्के लोकांना इन्फेक्शन नसून इरिटंट डर्माटायटिस, म्हणजे झोंबणाऱ्या गोष्टींनी कातडीचा झालेला दाह, निघाला, आणि हे लोक साबणानं जास्त वेळा धुणारे होते. मेन्थॉल गार वाटतं पण भेगा पडलेल्या कातडीवर ते झोंबतं. वाइप्समधल्या सुगंधानं आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारख्या प्रिझर्वेटिव्हनं कित्येकांना चक्क ॲलर्जी येते.

तर निदान दोन: जांघेत आणि ढुंगणावर स्टिरॉइडनं रूप बदललेला नायटा, आणि अंडकोष व लिंगावर साबण-स्टिरॉइडनं झालेला इरिटंट डर्माटायटिस. दोन्हींचे उपाय वेगळे, आणि ही खरी गोची. एकाच ट्यूबनं दोन्ही बरं करायला गेलं की दोन्ही बिघडतं.

पहिला उपाय म्हणजे पिशवीतलं सगळं बंद. करंजाचं तेलसुद्धा, आईचा मान ठेवून. तेल वाईट म्हणून नाही, पण भेगा असताना ते झोंबतं आणि जांघेच्या घडीत ओल धरून ठेवतं. साधं खोबरेल तेल कोरड्या अंगाला लावायला मी कधी नाही म्हणत नाही, फक्त नायटा चालू असलेल्या घडीत नको आणि कापूर-मेन्थॉल घातलेलं ठंडा तेल तर कुठेच नाजूक जागी नको.

मग आंघोळ. अंडकोष आणि लिंग फक्त कोमट पाण्यानं, कडक पाणी नाही. यावर तो एकदम म्हणाला, “मॅडम, नुसत्या पाण्यानं? वास नाही का येणार?” हा प्रश्न प्रत्येक जण मनात ठेवतो, यानं विचारला ते बरं झालं. घामाचा वास येतो तो जांघेच्या घडीतून आणि केसांतून, तिथे दिवसातून एकदा बिनवासाचं सौम्य क्लिन्झर हातावर घेऊन लावलं तरी पुरतं, पण फेस अंडकोषावर चोळायचा नाही आणि भरपूर पाण्यानं जाऊ द्यायचा. लिंगाची कातडी जेवढी सहज मागे जाते तेवढीच मागे घेऊन आत पाणी फिरवायचं, टिपून घ्यायचं आणि कातडी परत पुढे आणायची. डोक्याला लावलेला शाम्पू अंगावरून वाहत तिथपर्यंत येतो हेही कुणाच्या लक्षात येत नाही, त्यामुळे डोकं पुढे वाकवून धुवायला सांगितलं. टॉवेल स्वतःचा वेगळा, पुसायचं नाही, टिपायचं, जांघ मात्र पूर्ण कोरडी.

टिपल्यावर लगेच, कातडी अजून किंचित ओलसर असतानाच, अंडकोषावर आणि लिंगावर साध्या बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर, दिवसातून दोनदा आणि शिफ्टला निघताना. लेप नाही करायचा, बोटाच्या टोकाएवढी पुरते. पेट्रोलियम जेली निवडली कारण तिच्यात झोंबण्यासारखं काही नसतं, सुगंध नाही, प्रिझर्वेटिव्ह नाही, आणि ती लातूरच्या खेड्यातल्या दुकानातही मिळते. महागाची मॉइश्चरायझर क्रीम्स फाटलेल्या कातडीवर पुष्कळदा चरचरतात. एक सूचना मात्र द्यावीच लागते: पेट्रोलियम जेलीनं लॅटेक्सचा कंडोम कमजोर होऊन फाटू शकतो.

नायट्यासाठी पोटातून इट्राकोनाझोल आणि जांघेला फक्त बुरशीचं साधं क्रीम, चट्ट्याच्या कडेच्या दोन बोटं बाहेरपर्यंत, अंडकोषाला अजिबात नाही. टर्बिनाफिन मुद्दाम टाळलं. आपल्याकडे आता जो नायटा पसरलाय त्यातल्या बऱ्याच बुरशीवर ते चालतच नाही, २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या पेशंटांकडून मिळालेल्या अशाच बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलंय, आपलं नाव लागलंय त्याला. इट्राकोनाझोलचा डोस इथे लिहीत नाही, तो डॉक्टरनं लिव्हर, हृदय आणि बाकीच्या गोळ्या बघूनच ठरवायचा असतो. पण एक गोष्ट सापडली ती सांगते. पिशवीच्या तळाशी ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी होती, नाइट शिफ्टनं पोट बिघडतं म्हणून हा रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायचा. इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल शोषली जायला पोटात आम्ल लागतं, ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर ती अंगालाच लागत नाही आणि मग माणूस म्हणतो औषध फेल गेलं. ती गोळी बंद केली, कॅप्सूल भरपेट जेवणानंतर. रात्रीच्या खाजेला झोप आणणारी गोळी देतात तीही दिली नाही, फिरत्या मशीनसमोर उभ्या माणसाला पेंग आली तर बोटं जातील. त्याऐवजी गार पाण्यात भिजवून पिळलेला सुती कपडा दहा मिनिटं ठेवायचा, नखं कापायची.

कपड्यांचं बोलणं सगळ्यात जास्त वेळ चाललं. घट्ट नायलॉनच्या अंडरवेअरऐवजी सैल सुती, चार नवीन घ्यायला लावल्या आणि एक कंपनीच्या बॅगेत, लंच ब्रेकला बदलायला. स्वतःचे कपडे वेगळ्या बादलीत, पावडर कमी आणि एक पाणी जास्त, कारण राहिलेली साबण पावडर घामात भिजून दिवसभर कातडीला लागत राहते. गच्चीवर उन्हात उलटे करून वाळत घालायचे, ऊन नसेल तर इस्त्री, शिवणीवर जरा जास्त वेळ. रूमवरच्या दोघांनाही पाठवायला सांगितलं, नाहीतर हा बरा होऊन परत तेच.

पहिल्या दहा दिवसांत काय होणार तेही आधीच सांगून ठेवलं होतं, की स्टिरॉइड सुटलं की भडकणार, लाली वाढणार, आग होणार, आणि तेव्हा ट्यूब लावायची नाही. तरी चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री क्लिनिकच्या नंबरवर फोन आला, “मॅडम, अंगार झालाय, एकदाच लावू का?” गार कपडा, जेली, दोन दिवस रजा, असं करून ते दिवस काढले. ट्यूब जवळ असती तर लावली असती असं तोच नंतर म्हणाला, सगळी पिशवी माझ्याकडेच ठेवून घेतली होती. ज्यांना वाटतं की स्टिरॉइड ट्यूब सोडणं म्हणजे नुसतं मनावर घ्यायचा प्रश्न आहे त्यांनी ही आग एकदा बघावी.

दुसऱ्या भेटीला भेगा भरत आल्या होत्या, लाली होती. जांघेतली खाज निम्म्यावर. तेव्हा बोलता बोलता बायकोचा विषय निघाला. तिला काही आहे का विचारल्यावर म्हणाला, कमरेला आहे, परकराच्या नाडीखाली, आणि ती माझीच ट्यूब लावते, मी गावी जाताना एक ठेवून येतो. आणि पोराच्या पाठीवर एक गोल. व्हिडिओ कॉल लावला, तिनं कमरेचा पट्टा दाखवला, तोच पुसट कडांचा. तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्किनच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, मुलाला मेडिकलमधून काहीही लावू नका असं बजावलं. त्याच कॉलवर त्यानं तिला पहिल्यांदा सांगितलं की तो लांब का झोपत होता. ती एवढंच म्हणाली, “मग सांगायचं ना.” जखमा पूर्ण भरेपर्यंत संबंध नको हे मी दोघांनाही सांगितलं, घासलं की भेगा परत उघडतात.

तिसऱ्या आठवड्यानंतर अंडकोषाची लाली एका जागी अडकून राहिली, पापुद्रे नव्हते पण उन्हात आग व्हायची. बुरशी तिथे नाही याची परत केओएच करून खात्री केली आणि मग टॅक्रोलिमस ०.०३ टक्के मलम सुरू केलं, झोपताना अगदी थोडं. हे स्टिरॉइड नाही, कातडी पातळ करत नाही, सुरुवातीचे दिवस जरा झोंबतं. हे वाचून कुणी मेडिकलमध्ये जाऊन ते मागू नका, बुरशी किंवा हर्पिस असताना लावलं तर पंचाईत होते. कुणाकुणाला इतकं करूनही अंडकोषाची लाली आणि आग महिनोन्महिने राहते, रेड स्क्रोटम म्हणतात त्याला, मग डॉक्सीसायक्लिन किंवा नसांची औषधं वापरावी लागतात. याच्यावर ती वेळ आली नाही.

मेडिकलवाल्यांबद्दल थोडं लिहावंच लागेल. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती द्यायचीच नाहीत. तरी ‘जांघेतली खाज’ एवढे दोन शब्द काउंटरवर म्हटले की ती ट्यूब हातात पडते. मी फक्त दुकानदाराला दोष देत नाही, स्पेशालिस्टकडे जायचं म्हणजे एक दिवसाचा खाडा, फी, आणि कपडे काढायची लाज, त्यापुढे काउंटरवरची ट्यूब माणसाला सोपी वाटणारच. पण ट्यूब घेण्याआधी मागची बाजू वाचा. ‘सोन’, ‘सॉल’ किंवा ‘सोलोन’ नं संपणारं नाव दिसलं, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासॉल, तर ती जांघेत लावू नका. फक्त त्यातही गल्लत नको, बुरशीच्या बऱ्याच औषधांची नावं ‘झोल’ नं संपतात, क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल, ती वेगळी.

आणि ज्यांचा नुसता कोरडेपणा आहे, बुरशी नाही, हिवाळ्यात किंवा साबण बदलल्यावर झालेला, त्यांनी दोन आठवडे साबण-पावडर-वाइप्स बंद, पाणी आणि पेट्रोलियम जेली, सैल सुती कपडे, एवढं करून बघायला हरकत नाही. केस काढायचेच असतील तर ट्रिमरनं बारीक करा, रेझर आणि क्रीम नको. ‘पाणी भरपूर प्या’ हा सल्ला सगळे देतात, पाणी प्या जरूर, पण तिथली कोरडी कातडी त्यानं ओलसर होत नाही. पांढरे चट्टे दिसले, लिंगाची कातडी आवळत चालली आणि मागे जाईना, तर मात्र वाट बघू नका, तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार असू शकतो आणि तो बरीच वर्षं अंगावर काढला तर पुढे कॅन्सरची जोखीम असते. न भरणारी जखम, गाठ, स्राव, लघवीला अडथळा, लगेच दाखवा.

पेशंटचं म्हणाल तर सहाव्या आठवड्यात जांघेतली केओएच निगेटिव्ह आली. क्रीम मात्र त्यापुढेही दोन आठवडे लावायला लावलं, चट्टा दिसायचा थांबला म्हणून बुरशी संपली असं नसतं. अंडकोषाची कातडी मऊ झाली, सुरकुत्या नेहमीसारख्या परत आल्या, चकचकीतपणा गेला. काळसर डाग फिके होत आहेत, त्याला अजून काही महिने लागतील. स्ट्रेच मार्क्स मात्र राहणार, लाली जाऊन पांढरे होतील एवढंच, हे त्याला स्पष्ट सांगितलंय. टॅक्रोलिमस हळूहळू कमी करून बंद केलं. जेली आता फक्त थंडीत आणि नाइट शिफ्टला. बायकोचा कोर्स अजून चालू आहे, मुलाचा एक चट्टा साध्या क्रीमनं गेला. जूनच्या आधी एकदा दाखवून जायला सांगितलंय, कपडे ओले राहायचे दिवस तेव्हा सुरू होतात.